पांढरी, काळी आणि बेडा

आमच्या भागात विहिरीवरची मोटार चोरीला गेली, की मोटार कुणी नेली याच्या आधी पारध्यांच्या बेड्यावर सध्या कोण कोण आहे हे विचारलं जातं. मोटार असो, शेळी असो, खळ्यावरची सोयाबीनची दोन पोती असोत. विचारणारा माणूस काही दुष्ट नसतो. तो शेगावची पायी वारी चुकवत नाही, घरच्या कार्यात पारध्यांच्या पंगतीला स्वतः वाढतो. पाऊस कुठल्या अंगानं येईल हे विचारावं, तसं तो सहज विचारतो.

बुलढाणा जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे गावाला चिकटून क्वचितच. नाल्यापलीकडं, मुरमाड ई-क्लास सरकारी जमिनीवर, कुडाच्या चार भिंती आणि वर ताडपत्री. गावाला पांढरी असते, काळी असते. पांढरीत घरं, काळीत शेतं. बेडा पांढरीतही नाही आणि काळीतही नाही. त्यामुळं ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घराची नोंद नाही, नोंद नाही म्हणून घरकुल अडतं, आणि घरकुल नाही म्हणून ही माणसं 'स्थिर होत नाहीत' असं चावडीवर बसून म्हणायला गाव मोकळं.

माझं बालपण मेहकर तालुक्यातलं. आजोबांकडं पोलीस पाटीलकी होती. आजी सांगायची, दिवेलागणीला पारधी आमच्या वाड्यापुढं येऊन बसत. आजोबा एकेक नाव घेत, खालून 'हाजर' ऐकू येई. एखादा आला नाही तर सकाळी ठाण्यात वर्दी जाई. आजीला म्हातारपणी भाऊबंदातल्या पोरांची नावं आठवत नव्हती, पण ती हजेरी ओळीनं तोंडपाठ होती. गोष्ट सांगावी तशी ती म्हणून दाखवायची, आणि आम्ही पोरं प्रत्येक नावाला 'हाजर' म्हणून हसायचो.

या हजेरीमागं 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा होता. माणसानं गुन्हा केला का, हा प्रश्नच त्यानं काढून टाकला. जन्म कुठल्या जमातीत झाला, एवढं पुरे. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात चालला, 1911 च्या सुधारित कायद्यानं देशभर हातपाय पसरले. वऱ्हाड कागदावर निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा, पण पारध्याला त्यानं काय फरक पडणार होता? 1882 सालीच मेजर गन्थॉर्प यांचं मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या अशा जमातींवरचं पुस्तक छापून आलं होतं. कुणाच्या सवयी काय, गुन्ह्याची तऱ्हा काय, सगळं पोलिसांच्या सोयीसाठी. तिकडं सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अख्खी वसाहत वसवली गेली.

या कायद्यासोबत मला नेहमी 1873 हे साल आठवतं. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या, काळ्यांची गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. फुल्यांना पुण्यातून जे दिसत होतं ते खरंच होतं. यादवी युद्ध होऊन गुलामी उठली होती. पण ती उठली त्याच 1865 साली मिसिसिपी राज्यानं नवे कायदे करून ठेवले. बिनकामाचा काळा माणूस 'भटक्या' ठरायचा, त्याला दंड व्हायचा, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडं मजुरीला जुंपला जायचा. त्यानंतर सहाच वर्षांनी आमच्याकडचा कायदा आला. एकानं दुसऱ्याचं पाहून केलं, असं मी म्हणत नाही. फिरणाऱ्या माणसाचा धसका मात्र दोन्ही सरकारांनी सारखाच घेतला होता.

माझा भाचा अमेरिकेत मिनिआपोलिसला असतो. जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसानं मानेवर गुडघा दाबून मारलं ते हेच शहर, मे 2020. पुढं भाच्यानं तिथं जुनं घर घेतलं, आणि कागद चाळताना कित्येक दशकांपूर्वीच्या खरेदीखतात त्याला एक अट सापडली: हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकू नये, भाड्यानं देऊ नये. अशा अटी त्या शहरात हजारो खतांत होत्या. घरकामाचा नोकर काळा असला तर चालेल, अशी सवलतही पुष्कळ खतांत असे. 1948 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या अटी कोर्टातून बजावता येणार नाहीत असं ठरवलं, 1968 च्या कायद्यानं त्या बेकायदा झाल्या, शाई राहिली. सरकारनंही 1930 च्या दशकात शहरांचे नकाशे रंगवून घेतले होते. काळी वस्ती जवळपास सगळी लाल, आणि लाल वस्तीत घरासाठी कर्ज मागणाऱ्याला दार बंद.

भाचा फोनवर तापला होता. "मामा, म्हणजे तेव्हा मलाही इथं राहता आलं नसतं!" त्याचा राग खराच होता, आणि मला तो आवडला. त्याच फोनवर मागून ताईचा आवाज आला. ती तिकडं नातवाला सांभाळायला गेली होती. तिला गावातल्या भाडेकरूचं विचारायचं होतं: आपल्या मेहकरच्या खोलीसाठी आलेला शिक्षक कुठल्या जातीचा? आडनाव पवार सांगितलंय, पण पवार तर पारध्यांतही असतात. भाचा गप्प झाला. मीही फार काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, "ताई, खोली दिली त्याला." ती खोली दिल्याचं तिला अजून पटलेलं नाही.

एका म्हाताऱ्या पारध्यानं मला फासा दाखवला होता. एक लांब दोरी, तिला वितीवितीवर बांबूच्या बारीक खुंट्या, आणि खुंटीगणिक एक फास. त्याचा नायलॉनचा होता. त्याच्या आज्याचा जनावराच्या तातीचा असायचा. तितर कुठून चालत येईल हे बघून गवतात दोरी अंथरायची आणि लांबून हाकारत यायचं. अंड्यावरची मादी अडकली तर सोडून द्यायची, असं त्यानं दोनदा सांगितलं, जणू माझा विश्वास बसणार नाही हे त्याला ठाऊकच होतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ही विद्या गुन्हा झाली. कायदा हवाच होता. माळावरचे तितर कमी झाले ते काही सगळे फाशात गेले नाहीत, पण तो वाद इथं नको. मला सलतं ते एवढंच, की विद्या काढून घेताना हातात दुसरं काही दिलं नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यात वडाळ्याचे फासेपारधी आज माळराखण करतात, पक्षी वाचवतात. गवताची त्यांच्याइतकी जाण दुसऱ्या कुणाला असणार?

1952 च्या 31 ऑगस्टला तो जुना गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. पण 1959 साली मुंबई राज्यानं सवयीच्या गुन्हेगारांचा कायदा केला, आणि नव्या वहीत पुन्हा बरीचशी जुनीच नावं आली. सण आला, निवडणूक आली की चॅप्टर केस. रात्री उचलायचं, सकाळी तहसीलपुढं उभं करायचं, चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घ्यायचा. 1998 साली बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलीस कोठडीत मेला. 2003 साली नाशिक जिल्ह्यात पाच जणांची हत्या झाली, त्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरलं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली, आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयानं त्यांना खोटं गोवल्याचं म्हणत निर्दोष सोडलं. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सरकारनं प्रत्येकी पाच लाख द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख! महिन्याला किती पडले याचा हिशेब मी केला होता. तो लिहवत नाही.

रस्त्यांचंही तसंच. भाचा आता रोज ज्या इंटरस्टेट 94 महामार्गावरून जातो, तो शेजारच्या सेंट पॉलमधली राँडो नावाची काळ्यांची वस्ती चिरून काढला आहे. आमच्याकडं समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून गेला. तोच पुढं अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला, मतीन भोसले यांनी पारधी मुलांसाठी काढलेल्या 'प्रश्नचिन्ह' शाळेच्या अंगावरून गेला. वर्ग गेले, वाचनालय गेलं. समृद्धीवरून मीही नागपूरला जातो. रस्ता उत्तम आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये असंही बजावलं. निकाल मोठा आहे. त्यानंतर काही आठवड्यांनी मी एका कचेरीत माझ्या सातबाऱ्याच्या कामासाठी रांगेत होतो. पुढं बेड्यावरचा एक बाप, सोबत बारावी झालेली पोरगी. जमातीचा दाखला हवा होता. बाबूनं रीतीप्रमाणं 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागितला. आजोबाची शाळा? नाही. शेत? नाही. घर? नाही. खासरा पत्रक, जन्ममृत्यूची नोंद? बापानं मान हलवली.

"मग ठाण्यात पाहा," बाबू हसत म्हणाला. "तुमच्या आज्याचं नाव कुठं लिहिलेलं असेल तर तिथंच."

रांगेतले दोघंतिघं हसले. बाप हसला नाही. त्यानं पोरीला पिशवीतून पेन काढायला लावलं आणि विचारलं, "कोणत्या ठाण्यात भेटन साहेब थे रजिस्टर? नाव सांगा, लिहून घेते पोरगी."