पश्चिमेचे शटर

आपल्या भागातील व्यापारी घरांची ठेवण साधारण एकसारखी असते. पुढे दुकान, लगत गोदाम, मागे राहते घर, आणि रस्त्याच्या अंगाला लोखंडी पत्र्याचे शटर. सकाळी ते वर जाते, रात्री खाली येते. एरवी त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. मात्र ते पश्चिमेकडे तोंड करून असेल, तर चैत्र उतरू लागताच त्याची ओळख पटू लागते. वैशाखात दुपारी चार वाजता त्याला बोट लावून पाहावे. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. तापलेल्या धातूविषयी येथे कोणाला वेगळे सांगायला नको. चुलीवरचे पातेले आपण फडक्याने धरून उतरवतो. शटरला आतून उष्णतारोधक अस्तर लावणे म्हणजे त्या पातेल्याला फडके लावणेच होय. प्रश्न इतकाच, की हे फडके किती रुपयांचे असावे.

आमच्या घरी हा प्रश्न धाकट्या भाऊजींनी आणला. गोदामातील दहा फूट रुंद, आठ फूट उंच शटर बदलून दुहेरी पत्र्याचे, मध्ये फोम भरलेले शटर बसवावे आणि आत काचेची वातानुकूलित केबिन करावी, अशी त्यांची योजना होती. शटरचा खर्च अठ्ठेचाळीस हजार. असलेल्या शटरलाच थर्माकोल चिकटवावा असे मी सुचवले, तेव्हा कारागीर हसला. त्याचे म्हणणे खरे होते. अमेरिकेत मोटारीच्या खोलीचे दार रुंद आडव्या फळ्यांचे असते व ते रुळांवरून सरकत छताखाली जाऊन आडवे राहते. अशा दाराला आतून फोमचे तक्ते बसवता येतात. आपले शटर नळीभोवती गुंडाळले जाते. पट्ट्यांवर अस्तर चढवले की गुंडाळी जाड होऊन पेटीत मावत नाही, आणि वजन वाढल्याने स्प्रिंगचा तोल जातो. म्हणजे एकतर नवे शटर, नाहीतर आतून स्वतंत्र चौकट.

मामाजींच्या लहानपणी याच जागी सागवानी फळ्यांचे दार होते. फळ्यांवर आकडे घातलेले. सकाळी एकेक काढून भिंतीशी उभी करायची, रात्री त्याच क्रमाने खोबणीत बसवायची. इंचभर जाडीचे ते लाकूड आतील गारवा राखून असे. पुढे चोरीच्या भीतीने आणि सोयीपायी पत्र्याची शटरे आली. ती सोयही खरीच होती. साठीच्या माणसाने रोज चौदा फळ्या उचलाव्यात असे कोण म्हणेल?

व्यापाऱ्याच्या घरात निर्णय वहीवर होतो. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी या घरात आले, त्यामुळे हिशेबाचे काम माझ्याकडे आले. हवा ४५ अंश, गोदामात ३३ अंश राखायचे आणि पत्र्यावर थेट पश्चिमेचे ऊन, असे धरले तर तापलेले शटर सुमारे दीड किलोवॅटच्या शेगडीइतकी उष्णता आत टाकते. हा भर उन्हातला आकडा. त्याच शटरवर बाहेरून सावली केली की तो अर्ध्या किलोवॅटवर येतो. तीन हिश्शांतील दोन हिस्से तेथेच गळतात. फोमचे शटर उरलेल्यातील बरेचसे अडवते, यात शंका नाही. परंतु केबिनऐवजी सगळे गोदाम यंत्राने थंड ठेवले, दुपारचे चार तास, वर्षातले नव्वद दिवस, आणि वीज युनिटला बारा रुपये धरली, तरी फोममुळे वाचणारी रक्कम वर्षाला दीड हजारांच्या आसपास येते. त्यातले हजार रुपये साधी सावलीही वाचवते. अठ्ठेचाळीस हजारांवर वर्षाला पाचशे! मामाजींनी वही मिटली नाही, पण चष्मा मात्र काढून ठेवला.

शिवाय ऊन मुख्यतः येते कोठून? भंडारा साधारण सव्वाएकवीस अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस, नेमक्या नवतप्याच्या सुमारास, सूर्य माध्यान्ही आपल्या थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. त्या दिवसांत सर्वाधिक ऊन छत पिते. आमच्या गोदामाचे छत सहाशे चौरस फूट, शटर ऐंशी. काँक्रीटचे छत दिवसभर साठवलेली धग रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहते. पत्रा सूर्यास्तानंतर लवकर निवतो. छताकडे दुर्लक्ष करून शटरला अस्तर लावले, तर रात्री शटरमधून बाहेर पडू शकणारी धगही आतच कोंडते. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखली. पुढे तेथे वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे कामही हाती घेण्यात आले. त्यामागचे कारण हेच: पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन आल्या पावली परत पाठवतो. चुना आपल्याला नवा नाही. तो भिंतीवर चढला, छतावर मात्र चढायचा राहिला.

आतून चौकट ठोकून अस्तर लावण्याचा दुसरा मार्ग स्वस्त होता. त्याला माझ्या सासूबाईंनी एका वाक्यात नकार दिला. अस्तर आणि पत्रा यांमधल्या पोकळीत पाली, झुरळे, उंदरांची पिल्ले शिरणार, आणि शटर हलले की चिरडणार. आमच्याकडे शटर उचलण्यापूर्वी दोनदा हाताने वाजवून क्षणभर थांबण्याची रीत आहे, ती याच कारणाने. ज्या जागेत डोकावता येत नाही, ती जागा वाजवून काय उपयोग?

तरीही खरा प्रश्न पैशांचा नव्हता. दुपारी एक ते चार आमचे दुकान बंद असते. घरची माणसे मागे कुलरसमोर पडतात. मुनीमजी आणि दोघे हमालभाऊ मात्र गोदामातच डबा खाऊन, शटर तीन हिस्से खाली ओढून, पोत्यांच्या आडोशाला आडवे होतात. म्हणजे शटर बंद असताना त्याची धग सोसणारी माणसे तीच. आदल्या ज्येष्ठात त्यांतील एकाला भोवळ येऊन दवाखान्यात न्यावे लागले होते. भाऊजींच्या नकाशात केबिनमध्ये दोन खुर्च्या होत्या. मामाजींनी नकाशा पाहिला आणि विचारले, “मुनीमजी कुठे बसतील?” भाऊजी मनाने चांगले; त्यांनी दुसऱ्या दिवशी नकाशाच परत केला.

मग जे केले ते असे. फाल्गुनात छतावर चुन्याचे दोन हात दिले. शटर बाहेरून पांढरे रंगवले. वर चार फुटांचा छज्जा काढला. पण पश्चिमेचे ऊन तिरपे खाली उतरते, नुसता छज्जा त्याला अडवत नाही, म्हणून त्याच्या कडेला बांबूच्या गुंडाळता येणाऱ्या ताट्या टांगल्या. ताटी आणि पत्रा यांत वीतभर अंतर ठेवले, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. चारनंतर दुकान उघडले की ताटी माणूसभर उंचीवर थांबवतो. मागच्या भिंतीत उंचावर हवा खेचणारा पंखा बसवला. वाळ्याच्या ओल्या ताट्या घरात उत्तम, पण डाळ-तांदळाच्या गोदामात ओल नको. सगळा खर्च तीस हजारांच्या आत राहिला.

याचा अर्थ फोमचे शटर कोणीच घेऊ नये असा नाही. आमच्या ओळखीच्या एका घाऊक औषधविक्रेत्याने ते घेतले आणि योग्य केले. त्याच्या खोक्यांवर ३० अंशांची मर्यादा छापलेली असते, शटर दिवसभर बंद आणि यंत्र अखंड चालू असते. त्याचा हिशेब निराळा.

तापमापक मात्र प्रत्येकाने घ्यावा, आणि तो सावलीत टांगावा. उन्हातला तापमापक हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरात ५६ अंशांची नोंद झाली म्हणून केवढा गाजावाजा झाला होता, आणि शेवटी हवामान खात्याने ते यंत्रच बिघडल्याचे सांगितले. आम्ही आमचा मुनीमजींच्या गादीच्या उंचीवर खिळ्याला अडकवला आहे. आदल्या नवतप्यात तेथे दुपारी चार वाजता ४१ अंश असत; यंदा ३७च्या वर पारा गेला नाही. मुनीमजी रोज चारला उठून तो आकडा रोजमेळीच्या समासात लिहितात. मृगाची चिन्हे दिसताच ताट्या उतरवून, झटकून, माळ्यावर ठेवायच्या, अशी सूचनाही त्यांनी तेथेच लिहून ठेवली आहे.