दमयंतीचे गणित

चांदूर रेल्वेहून कौंडिण्यपूर फार दूर नाही. परंपरेने तेच दमयंतीचे माहेर, कुंडिनपूर. नलोपाख्यान शिकवताना माझे लक्ष फाशांवर खिळते. समजा, दोन फासे आहेत : एक सरळ, दुसऱ्या कपटी फाशाच्या 3 बाजूंवर 6. न पाहता एक उचलला आणि 6 पडले. तो कपटी असण्याची शक्यता आता 1/2 नव्हे, 3/4. त्याच फाशाने पुन्हा 6 पडले, तर 9/10. प्रत्येक दान फाशाचीही साक्ष देत असते. नलाने ती ऐकली नाही. फाशांत द्वापर शिरल्याचे दमयंतीलाही दिसले नव्हते. तिने हरलेले डाव तेवढे पाहिले, आणि सर्वस्व जाण्यापूर्वीच मुलांना रथातून कुंडिनपुरी धाडले. अक्षहृदय ही विद्या नलाला ऋतुपर्णाकडून पुढे मिळाली. मुले वाचली ती मात्र त्याआधीच, आईच्या अनुमानाने.