डावा कोपरा

नरकचतुर्दशीच्या सकाळी आमच्या डोंबिवलीत कोणी घरी सापडायचं नाही. अभ्यंगस्नान उरकायचं, नवे कपडे चढवायचे, गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि फडके रोडवरच्या गर्दीत आपली भर घालायची, हा इथला रिवाज. गेल्या दिवाळीत मात्र आमचा दादा गेला नाही. "जिना उतरेन रे, पण परत चढायचं कोणी?" म्हणाला. त्याचा डावा गुडघा सन 1979 पासून दुखतो आहे, तेव्हा या बोलण्यात नवीन काही नव्हतं. वहिनी नातवंडांना घेऊन गेल्या. मागे राहिलो दादा, मी, चकल्यांचा डबा आणि कॅनडातून सुट्टीवर आलेला दादाचा मुलगा.

हा मुलगा एडमंटनला असतो. त्या गावात बर्फावरची हॉकी म्हणजे आपल्याकडचा क्रिकेट आणि गणेशोत्सव एकत्र करावा तसला प्रकार. बुटांना पाती, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची चकती. वडिलांचं मन रमावं म्हणून त्याने टीव्हीवर एक जुना सामना लावला. दहा मिनिटं झाली असतील नसतील, दोन धिप्पाड गड्यांनी काठ्या टाकल्या, हातमोजे भिरकावले आणि भर मैदानात गुद्दागुद्दी सुरू केली. पंच शांतपणे बाजूला उभे!

"अरे, सोडवत का नाहीत?" मी विचारलं.

"कोणीतरी खाली पडेपर्यंत थांबतात, काका. मग दोघांना 5 मिनिटं बाहेर बसवतात."

पाच मिनिटं! मी जन्मभर शाळामास्तर. आमच्या शाळेत याहून निम्म्या मारामारीला आम्ही पालकांना बोलावून घेत असू.

मग पुतण्याने सगळा उलगडा केला. एकेकाळी तिकडे बहुतेक प्रत्येक संघात असा एक गडी ठेवलेला असे. त्याला 'एनफोर्सर' म्हणत. मराठीत काय म्हणावं? दांडगट म्हणावं तर त्याच्यावर अन्याय, राखणदार म्हणावं तर जरा जास्तच सोज्ज्वळ. आपल्या चांगल्या खेळाडूला कोणी धक्का मारला की जाऊन त्याचा हिशेब चुकता करायचा, हे त्याचं काम. वेन ग्रेट्झ्की हा त्या खेळातला सर्वांत थोर खेळाडू. एडमंटनला असताना डेव्ह सेमेन्को नावाचा पहाड त्याची पाठराखण करी. या सेमेन्कोने 1983 साली खुद्द मुहम्मद अलीबरोबर तीन फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत केली होती. पुढे 1988 साली ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा मार्टी मॅकसोर्ली हा दुसरा राखणदारही त्याच्याबरोबर गेला. जहागीरदाराने गाव सोडताना आपला भालदार बरोबर न्यावा, तसंच.

दादा काही बोलला नाही. पण त्याने खुर्ची टीव्हीजवळ ओढली.

मग पुतण्याने डेरेक बूगार्डची गोष्ट सांगितली. 1982 साली कॅनडात सास्काटून इथे जन्मलेला एका पोलिसाचा मुलगा. उंची साडेसहा फुटांहून जास्त. लहानपणी वर्गात मावेना आणि बर्फावर इतरांइतका चपळ होईना. पण शाळकरी वयातच एकदा सामन्यात पिसाळून त्याने प्रतिपक्षाच्या सगळ्या बाकावर चाल केली, आणि ते पाहणाऱ्या पारख्यांनी त्याचं नाव टिपून घेतलं. त्याचं आयुष्य तिथेच ठरलं. 2005 साली तो मिनेसोटाकडून मोठ्या लीगमध्ये आला. एकूण सामने 277 आणि गोल 3! पहिले दोन पहिल्याच हंगामातले. तिसरा व्हायला मध्ये दोनशेहून जास्त सामने गेले. लोक मात्र त्याच्यावर जीव टाकीत, त्याच्या नावाचे सदरे घालीत. बोटं मोडली, पाठ गेली, खांदा गेला. डोक्याला किती मार बसला याची गणती नाही. दुखणं मारायला गोळ्या आल्या आणि गोळ्यांचं व्यसन लागलं. 2010 साली न्यूयॉर्कच्या संघाने चार वर्षांसाठी 65 लाख डॉलरचा करार केला. त्याच डिसेंबरात एका मारामारीत डोक्यावर ठोसा बसला, तो त्याचा शेवटचा सामना. मे 2011 मध्ये दारू आणि गोळ्या एकत्र होऊन तो गेला. वय 28. घरच्यांनी मेंदू संशोधनासाठी बॉस्टनला दिला. वारंवारच्या माराने मेंदू झिजतो तो आजार तिथल्या डॉक्टरांना त्यात सापडला, आणि तोही त्या वयाला न शोभेल इतका वाढलेला.

खोली जरा गप्प झाली. मग दादाने विचारलं, "त्याला गोल करायला कोणी शिकवलं नाही का रे?"

हे दादाने विचारावं यात अर्थ होता. दादा कबड्डीतला डावा कोपरा. ठाण्याला वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्याच्या संघात होता. कबड्डीवरच त्याला तिथे घेतलं होतं, पण हंगामी म्हणून. डोंबिवलीहून सकाळची लोकल, दिवा, मुंब्रा, कळवा करीत ठाणे, दिवसभर यंत्रावर आणि संध्याकाळी मैदानावर. चढाई करणाऱ्याचं नाव लोक घेतात, पोरं त्याच्यामागे धावतात. कोपऱ्याने काय करायचं? वाकून उभं राहायचं, समोरच्याचा पाय आत येईपर्यंत श्वास रोखायचा आणि घोट्यावर झेप घ्यायची. त्या पायाची लाथ पहिल्यांदा बसते ती कोपऱ्याच्या हनुवटीवर, छातीवर, तोंडावर. धरून ठेवलं की मागून साखळी येते आणि पाच-सहा जणांचं ओझं अंगावर पडतं. त्या ढिगात सर्वांत खाली कोपरा. मैदान मातीचं. आताच्यासारखी मऊ मॅट कुठली! दादाचे पुढचे दोन दात असेच गेले. आई मात्र शेजारणींना जिन्यावरून पडला म्हणून सांगायची.

2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली. पुढे 2018 च्या लिलावात फजल अत्राचली या इराणी खेळाडूला मुंबईच्या संघाने 1 कोटी रुपयांना घेतलं. तोही डावा कोपरा. त्या दिवशी दादाने वर्तमानपत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं.

पण मला सांगायचं आहे ते निराळंच.

1979 सालचा हिवाळा. कल्याणला एका स्पर्धेची अंतिम लढत होती. आदल्या दिवशी दादाचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. आई झोपल्यावर मला म्हणाला, "उद्या साहेबांना जाऊन सांग, मला ताप भरलाय. गुडघ्याचं नको सांगू, उगाच कामावरून काढतील." मी तेव्हा बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला. फी दादाच्या पगारातून. सकाळी गेलो. मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, आज जिंकलो तर पुढच्या महिन्यात कायम करतो."

मी तापाचं बोललोच नाही. घरी येऊन दादाला म्हणालो, "यायलाच हवं म्हणतात."

तो खेळला. गुडघ्याला घट्ट पट्टी बांधून. मी रेषेला खेटून बसलो होतो आणि ओरडत होतो. शेवटच्या मिनिटाला त्याने घोटा धरला, ढीग पडला, आणि सगळे उठले तेव्हा दादा उठला नाही. आम्ही जिंकलो. दादा कायम झाला. त्या नोकरीवर माझं शिक्षण झालं, बहिणीचं लग्न झालं, ही खोलीही झाली. कबड्डी त्या दिवशी संपली ती संपली.

इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी, कोण जाणे का, सांगून टाकलं. पुतण्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. दादा समोर पाहत होता.

"म्हणजे तू तापाचं सांगितलंच नाहीस?"

"नाही."

दादाने पाय जरा लांब केला, दोन्ही हातांनी गुडघा दाबला. बराच वेळ दाबीत राहिला. रस्त्यावरून ढोल-ताशांचा आवाज येत होता.

"आमच्या पकडीला एक गुण तरी मिळायचा," शेवटी तो म्हणाला. "या बिचाऱ्याच्या ठोशाला तेवढाही नाही."

मग मुलाकडे वळून म्हणाला, "त्याचा तो तिसरा गोल असेल ना तुझ्या फोनवर? दाखव बघू."

गोल होता. न्यूयॉर्कचं मैदान, नोव्हेंबर 2010. तो अगडबंब माणूस पुढे येतो, काठी उचलून असा फटका मारतो की चकती दिसतच नाही, आणि मग सगळे सोबती त्याला येऊन बिलगतात.

दादाने चष्मा पुसून पुन्हा लावला.

"आणखी एकदा लाव," तो म्हणाला. आणि न बघताच चकल्यांचा डबा माझ्याकडे सरकवला.