सहा महिन्यांची सरासरी

सिंगापूरला शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांचे मी कित्येक वर्षं मनातल्या मनात दोन गट केले होते. एनयूएस, एनटीयू या विद्यापीठांत प्रवेश मिळालेली ती हुशार. खासगी कॉलेजात पैसे भरून आलेली ती शिक्षणाच्या नावाखाली नोकरी शोधायला आलेली. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण वागण्यातून ते दिसत असणार.

नियमही माझ्या बाजूचे वाटायचे. शिक्षणासाठी मिळणाऱ्या स्टुडंट पासवर विद्यापीठात शिकणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला १६ तास काम करता येतं. बहुतेक खासगी संस्थांतल्या मुलांना अजिबात नाही. शिवाय हजेरी महिन्याला ९० टक्क्यांच्या खाली गेली तर पासच धोक्यात. सरकार उगाच इतकं कडक वागेल का, असं मी म्हणायचो.

इथल्या मंडळाच्या एका गणेशोत्सवात शिरोळ तालुक्यातल्या ऊस शेतकऱ्याचा एक मुलगा भेटला. खासगी संस्थेत हॉटेल मॅनेजमेंट शिकत होता. "काका, कुठे पार्ट टाइम काम मिळेल का?" त्याने हळूच विचारलं. मी म्हणालो, "शिकायला आलायस की कमवायला?" तो काही बोलला नाही. पंगतीत वाढायला निघून गेला. त्याला परवानगी नाही, पकडला गेला तर परत जावं लागेल, हे मी नीट समजावून सांगू शकलो असतो. मी त्याला सावध केलं नाही, त्याची लायकी काढली.

माझी स्वतःची मुलं इथे डिपेंडंट पासवर वाढली. माझ्या नोकरीमुळे मिळालेल्या त्या पासवर शिकायला वेगळा स्टुडंट पास लागत नाही. पण मूल २१ वर्षांचं झालं की हा पास संपतो. थोरल्याचा पास संपत आला तेव्हा तो एका खासगी संस्थेत पदवी करत होता. विद्यापीठात त्याला जागा मिळाली नव्हती. त्याच्याबाबतीत मात्र मी "त्याचा कल वेगळा आहे" असं सांगायचो. शिरोळच्या मुलाचा कल काय आहे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

त्याच्या स्टुडंट पासचा अर्ज भरायला आम्ही दोघं रात्री जेवणाच्या टेबलावर बसलो. आईवडिलांची माहिती, शिक्षण, कधी कुठल्या देशाने प्रवेश नाकारला आहे का, असं सगळं भरत गेलो. मग आर्थिक आधाराचा भाग आला: गेल्या सहा महिन्यांतलं सरासरी मासिक उत्पन्न आणि सध्याची बचत. मी पगाराचा आकडा सांगितला, मुलाने टाइप केला. मिनिटभराचं काम.

मुलाने पुढचं पान उघडलं, पण माझं मन त्या रकान्यातच अडकलं. शिरोळच्या त्या मुलाच्या वडिलांनी इथे काय लिहिलं असेल? ऊस कारखान्याला जातो तो दिवाळीनंतर. बिल हप्त्याने येतं, कधी रखडतं. आलं की सोसायटीचं कर्ज आधी वळतं होतं. पावसाळ्यात अर्ज भरायचा असेल तर त्या माणसाची सहा महिन्यांची सरासरी काय निघणार? त्याची जमीन, त्याचं वर्षभराचं राबणं, यातलं काहीच त्या रकान्यात मावत नाही. मी लायक होतो कारण माझं उत्पन्न महिन्याला मोजता येत होतं. आणि मी ज्याला गुणवत्ता म्हणत आलो, त्यातला मोठा भाग हाच होता.

मुलाने विचारलं, "बाबा, काय झालं?" मला त्याला उत्तर देता आलं नाही. त्याच अर्जाने, त्याच नियमांखाली, माझा मुलगा त्या दुसऱ्या गटात गेला होता आणि तो जराही बदलला नव्हता.

नियम वाईट आहेत, असं मला आजही वाटत नाही. फी घेऊन बंद पडणाऱ्या संस्थांमुळे मुलं अधांतरी राहायची, म्हणून २००९ मध्ये इथे खासगी शिक्षणाचा कायदा झाला. एड्युट्रस्ट प्रमाणपत्र नसलेल्या खासगी संस्थेला परदेशी विद्यार्थी घेता येत नाहीत. मुलांच्या फीलाही संरक्षण असतं. ज्या कडकपणाचा हवाला मी त्या मुलांविरुद्ध द्यायचो, त्यातला बराचसा त्यांच्यासाठीच होता. मी नियमातला संशय तेवढा उचलला.

त्या मुलाला मी नंतर शोधलं. मंडळात कुणाकडे त्याचा नंबर नव्हता. कोर्स पूर्ण झाला की सोडला, माहीत नाही.

आता घरून कुणी मुलासाठी चौकशी केली, तर आधी सांगतो: संस्थेचं प्रमाणपत्र तपासा, एजंटच्या शब्दावर पैसे देऊ नका. बहुतेक खासगी कॉलेजांत असताना काम करता येणार नाही, तेव्हा राहण्याजेवण्याचा खर्च पूर्ण कोर्सचा धरा. शेतकरी असतील तर बिल कोणत्या महिन्यात जमा होतं तेही विचारतो आणि अर्जाची वेळ त्याप्रमाणे धरायला सांगतो.