उद्याचं आज सांगणं

शेवटच्या एक-दोन दिवसांत बऱ्याच माणसांच्या घशात घरघर सुरू होते. दोन खोल्यांच्या घरात तो आवाज भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जातो. गिळायची आणि खोकायची ताकद गेलेली असते, त्यामुळे थोडी लाळ, थोडा कफ घशाशी साठतो, आणि त्यातून श्वास ये-जा करताना आवाज होतो. रोगी तोवर बहुतेक शुद्धीत नसतो. कपाळावर आठी नसते, हाताच्या मुठी वळलेल्या नसतात. पण खाटेशी बसलेल्या मुलाला वाटतं, बाबा बुडतायत आणि आपण नुसते बघत बसलोय. रात्रीचे अडीच वाजलेले. तो १०८ ला फोन लावतो. ‘मला आता कुठेही हलवू नका’ असं ज्यांनी चारचौघांदेखत सांगून ठेवलेलं असतं, ते तासाभरात कॅज्युअल्टीतल्या ट्रॉलीवर असतात. तोंडात नळी, आणि घरचे दाराबाहेर.

या घरघरीवर उपाय आहेत. रोग्याला कुशीवर वळवलं, उशी थोडी उंच केली की पुष्कळदा आवाज कमी होतो. स्राव आटवणारं इंजेक्शन असतं, तेही शिरेत द्यावं लागत नाही. कातडीखाली बारीक सुई बसवून ठेवली की घरचं माणूसही देऊ शकतं. पण यातलं काहीही उपयोगी पडण्याआधी एक गोष्ट व्हायला हवी असते. कुणीतरी आदल्या दिवशी त्या मुलाजवळ बसून म्हणायला हवं असतं, “कदाचित उद्या-परवा असा आवाज यायला लागेल. ऐकवत नाही, पण बाबांना त्याचा त्रास होत नसतो. आला की हे करा, आणि मला फोन करा.”

मी नर्स आहे. जनरल नर्सिंग केलं, सरकारी रुग्णालयातल्या मेडिकल वॉर्डात नोकरी केली, आणि मग कॅन्सरच्या रोग्यांच्या घरोघरी जाणाऱ्या होमकेअरच्या गाडीत बसले. आमच्या कामात हातांनी करायचं पुष्कळ असतं. ड्रेसिंग, नळ्या, एनिमा, पाठीची काळजी. ते सगळं शिकवून येतं. पुढे काय होणार ते घरच्यांना नेमक्या वेळी सांगता येणं, हे मात्र नर्सिंगच्या शाळेत आम्हाला कुणी शिकवलं नाही, आणि माझ्या मते या कामातलं खरं कसब तेच आहे. फार आधी सांगितलं तर माणसं त्या दिवसापासूनच रडायला लागतात आणि रोग्याचे बरे दिवस वाया जातात. उशिरा सांगितलं तर सांगून उपयोग नसतो.

मी सांगताना पायांपासून सुरुवात करते. पाय गार पडतील, गुडघ्यांवर निळे-जांभळे डाग दिसतील. लघवी कमी होईल, रंग गडद होईल. झोप वाढत जाईल. हाक मारली तर डोळे उघडतील, मग तेही नाही. मधेच एखादे दिवशी अचानक तरतरी येईल, चहा मागतील, सगळ्यांची चौकशी करतील. त्या दिवशी बोलून घ्या, पण त्यावरून हिशेब मांडू नका. काही जण गेलेल्या माणसांशी बोलतात, ‘आई आलीय, तिला बसायला द्या’ असं म्हणतात. घाबरत नसतील तर त्यांना खोडून काढायचं कारण नाही. आणि श्वास. तो भराभर होईल, मग मंद, मग थांबेल. अर्धा मिनिट थांबेल आणि पुन्हा सुरू होईल. असं पुष्कळदा होऊ शकतं. एवढं सांगितलं की खोलीतलं कुणीतरी हळूच विचारतंच, “आणि शेवटचा कुठला ते कसं कळणार?” मी म्हणते, कळेल. आणि लगेच नाही कळलं तरी काही बिघडत नाही.

सांगायचं कुणाला, हाही प्रश्नच. फाइलवर नाव असतं थोरल्या मुलाचं, रात्री खाटेशी जागते सून. तिला कुणी काही सांगितलेलं नसतं, कारण ‘तिला झेपायचं नाही’. झेपतं तिलाच. मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्याशी बोलते. दुसरं माणूस म्हणजे बाहेरगावचा मुलगा किंवा मुलगी. पुण्याची असो की न्यू जर्सीची, ती शेवटच्या दिवशी पोचते, आठ महिन्यांमागे पाहिलेल्या आईच्या जागी हे शरीर बघते, आणि साहजिकच विचारते, “तुम्ही काहीच कसं करत नाही?” वर्षभर खस्ता खाल्लेल्या भावंडांना तेवढं एक वाक्य आयुष्यभर पुरतं. म्हणून पहिल्या एक-दोन भेटींतच मी विचारते, लांब कोण कोण आहे? त्यांना व्हिडिओ कॉल लावा, मी बोलते.

सगळ्यात जास्त वेळ जातो जेवणावर. आपल्याकडे माया दाखवायची ती खाऊ घालून. त्यामुळे आजी तोंड मिटून घ्यायला लागल्या की घरात भांडणं होतात. पेज करून बघतात, नारळपाणी, प्रोटीनची पावडर, नाक दाबून चमचा. “सिस्टर, दोन दिवस पोटात कण नाही. निदान सलाईन तरी लावा.” मी तेव्हा खाली बसकण मारते, कारण हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. शरीर बंद होत आलं की त्याला अन्न नको होतं. न खाल्ल्यामुळे त्या चालल्या आहेत असं नाही, चालल्या आहेत म्हणून खाणं थांबलंय. या टप्प्यावर सलाईनचं पाणी शरीराला वापरता येत नाही. ते पायांवर सूज होऊन उतरतं, छातीत साठतं, आणि तीच घरघर वाढवतं. घरच्यांना हे पटतं, पण हात रिकामे राहतात. रिकाम्या हातांचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे तयार असावं लागतं. म्हणून चमचा धरणाऱ्याच माणसाला मी तोंडाचं काम देते. स्वच्छ ओला गॉज बोटाला गुंडाळायचा, गाल, हिरड्या, जीभ हलकेच पुसायची, ओठांना तूप लावायचं. दर दोन-तीन तासांनी. कोरडं तोंड हीच त्या वेळची खरी तहान असते. ज्या मुलीने काल आईच्या तोंडात बळेबळे चमचा कोंबला होता, ती आज हे काम इतक्या निगुतीने करते की बघत राहावं. त्यातून आईला गिळायला लावण्याचा हट्ट आपोआप सुटतो.

मॉर्फिनची भीती त्याखालोखाल. “ही शेवटची गोळी ना?” “सवय लागेल ना?” तीन महिने रात्ररात्र विव्हळत काढलेला माणूससुद्धा विचारतो. या भीतीला आपल्या कायद्यानेही खतपाणी घातलं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी जंत्री लावली की अफूचं पीक घेणाऱ्या देशात कॅन्सरच्या रोग्याला मॉर्फिन मिळेना. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि परवान्यांचा गुंता कमी झाला, पण औषधाच्या दुकानात ती गोळी आजही सहज दिसत नाही. मान्यता मिळालेल्या मोजक्या ठिकाणांहूनच आणावी लागते. एवढ्या लांबून आणलेली, मग घरचे ती जपून वापरतात. डब्यातल्या स्ट्रिप्स मोजल्या की मला कळतं. “फारच दुखलं तरच देतो, सिस्टर.” नेमकं हेच चुकतं. दुखणं वर चढल्यावर दिलेली गोळी त्याच्या मागे धावत राहते. ती घड्याळावर द्यायची असते, साधी गोळी असेल तर दर चार तासांनी, दुखत नसलं तरी. हे तंत्र जगभर पोचवणाऱ्या सिसिली साँडर्स मुळात नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं, समाजसेवक झाल्या, मग डॉक्टर, आणि १९६७ मध्ये लंडनला शेवटच्या आजारातल्या रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. वेळेवर मॉर्फिन देण्याची रीत मात्र त्यांनी त्याआधीच, सेंट ल्यूक्स नावाच्या छोट्या रुग्णालयात नर्सना करताना पाहिली होती. हे मी आमच्या नव्या मुलींना मुद्दाम सांगते. आणि हेही, की मॉर्फिनबरोबर जुलाबाचं औषध दिलं नाही तर चार दिवसांत बद्धकोष्ठ होतं, रोगी गोळीच नको म्हणतो, आणि बदनाम मॉर्फिन होतं.

दारातच अडवून कुजबुजत सांगितलं जातं ते एक वाक्य प्रत्येक घरात असतं: “त्यांना काही माहीत नाही, तुम्ही बोलू नका.” आता, जो माणूस परळला टाटा हॉस्पिटलच्या रांगेत महिनोन्‌महिने बसला, त्याला काही माहीत नाही? मी वाद घालत नाही. “मी स्वतःहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही,” एवढं सांगून आत जाते. काका बऱ्याचदा बायको चहा ठेवायला गेली की म्हणतात, “हिला काही सांगू नका हं, सिस्टर. घाबरेल.” दोघंही एकमेकांना सांभाळत एकेकटी बसलेली असतात. मग मी विचारते, तुम्हाला काय वाटतंय? आणि गप्प बसते. हे गप्प बसणं फार जड जातं. नव्या नर्सला तर हमखास काहीतरी बोलून टाकावंसं वाटतं. काका उशिराने विचारतात, “दिवाळी दिसेल का?” ‘का नाही, नक्की!’ असं म्हणून उठता येतं. पण मी विचारते, दिवाळीत काय करायचं मनात आहे? नातीला फराळाचा डबा घेऊन शाळेत सोडायचंय, पॉलिसीचे कागद भावाकडे द्यायचेत, असं काहीबाही निघतं. त्यातलं बरंच पुढच्या आठवड्यात करता येतं. तारीख मी सांगत नाही, मला कळतही नाही. ज्या डॉक्टरांनी ‘तीन महिने’ असं ठोकून दिलेलं असतं त्यांचा मात्र राग येतो. घरचे कॅलेंडरकडे बघत राहतात.

लाजेमुळे न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे वास. तोंडाच्या, छातीच्या कॅन्सरच्या उघड्या जखमांना असा वास येतो की नातवंडं खोलीत यायची बंद होतात, ताट-वाटी वेगळी होते. रोग्याला सगळं समजतं. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेवर टाकली की थोड्या दिवसांतच वास पुष्कळ उतरतो. इतका साधा उपाय, आणि किती तरी घरांना तो आम्ही गेल्यावर कळतो. मोठ्या रुग्णालयातून ‘आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या’ असं सांगून पाठवलेली ती माणसं असतात. करण्यासारखं काही नाही! आमचं काम तर तिथूनच सुरू होतं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्सनी काय केलं ते आठवा. १९७३ साली रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर तिथल्याच नर्स अरुणा शानबाग २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षं, वॉर्ड चारमध्ये होत्या. त्यांच्या प्रकरणातला २०११ चा निकाल दयामरणासाठी सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली पाठ दिसते. इतकी वर्षं खाटेला खिळलेल्या बाईच्या अंगावर बेडसोर नव्हता. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीच्या चुण्या काढायच्या, मणके आणि टाचा रोज नजरेखालून घालायच्या. शिफ्टमागून शिफ्ट, बॅचमागून बॅच.

एक मात्र स्पष्ट बोलते. ‘घरीच गेलं पाहिजे’ हा आग्रह मला मान्य नाही. दहा बाय दहाची खोली, संडास बाहेर, घरात कमावणारी एकच बाई, अशा ठिकाणी घरी मरण चांगलं असं म्हणणं सोपं आहे, निभावणं नाही. १९८६ साली सुरू झालेलं वांद्र्याचं शांती अवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस. त्यांची शाखा गोव्यातही आहे. तिथे रोग्याला ठेवणं म्हणजे टाकून देणं नाही, हे मला दर थोड्या दिवसांनी कुणाला तरी सांगावं लागतं. रात्री नीट झोपलेली मुलगी सकाळी आईशी बोलू शकते.

शेवटच्या तासांत मी फार काही करत नाही. तुळशीपत्र, गंगाजल घालायचं असतं. मी म्हणते, कुशीवर असताना दोनच थेंब. कुणाकडे यासीन पढत असतात, कुणाकडे त्रिशरण चाललेलं असतं, कुणी फादरना बोलावलेलं असतं. खाली घ्यायचं असेल तर चादरीसकट चौघांनी उचला, हात ओढू नका. कान शेवटपर्यंत जागे असतात असं धरूनच आम्ही चालतो, तेव्हा जमिनीची, पैशांची बोलणी बाहेर. गेल्यावर घाई नसते. डोळे मिटायचे, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची, लघवीची नळी काढायची, तोंड पुसायचं. बघायला येणारे आधी तोंडाकडेच बघतात.

आणि मग कागद. घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते देणार अखेरच्या आजारात रोग्याला पाहणारा डॉक्टर. स्मशानात ते मागतात, पुढे २१ दिवसांत मृत्यूची नोंद करायची असते. पहाटे चार वाजता बाप गेलेली मुलं दवाखान्यांची शटरं ठोठावत फिरताना मी पाहिली आहेत, आणि ‘मी पेशंटला कधी पाहिलंच नाही, सही कशी करू?’ हे डॉक्टरांचं म्हणणंही बरोबरच असतं. तुमच्या घरात असं माणूस असेल तर याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरांना एकदा घरी आणा, पेशंट दाखवा, फाइल दाखवा, आणि तोंडावर विचारा: रात्री-अपरात्री झालं तर तुम्ही याल का? नाही म्हणाले तर दुसरे शोधायला अजून वेळ आहे.