अर्ज नावाचा वाङ्मयप्रकार

अर्ज हाही एक वाङ्मयप्रकार आहे, याची दखल आमच्या समीक्षकांनी घेतलेली दिसत नाही. कादंबरी फसली तर लेखकाचे फारसे बिघडत नाही. अर्ज फसला तर एखाद्या घराची चूल आणखी वर्षभर वडिलांच्या निवृत्तिवेतनावर पेटते. आम्ही बंगळुरूस बदलून आल्यापासून हा विचार वारंवार मनात येतो. सांगली-सोलापूरकडची मुले येथे नोकरीच्या शोधात येतात, आणि कचेरीत केस पांढरे केलेल्या काकांना मसुद्यातले कळते, अशा श्रद्धेने आपला बायोडेटा आमच्यापुढे ठेवतात.

मुले हुशार असतात. पण कागदावर ती दिसत नाहीत. तेथे प्रत्येक जण कष्टाळू, प्रत्येकाचे ध्येय उत्तुंग! एकाने गावच्या दूध-डेअरीचा सारा हिशेब संगणकावर आणून दिला होता. हे त्याने चहा घेताना सहज सांगितले. कागदावर त्याचा मागमूस नव्हता. शिवाय तोच कागद पन्नास कंपन्यांकडे गेलेला. अशा अर्जांना बहुधा उत्तर येत नाही, आणि मुलगा मात्र आपणच नालायक असे समजून बसतो.

मसुदा कोणापुढे जावयाचा हे जाणल्यावाचून लेखणी उचलू नये, हा कचेरीचा पहिला धडा. श्रीनिवास रामानुजन यांना तो कोणी शिकवावा लागला नाही. फेब्रुवारी १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठी अर्ज करताना त्यांनी आपण मॅट्रिक झाल्याचे, एफ. ए. पर्यंत शिकून पुढे परिस्थितीमुळे शिक्षण खुंटल्याचे आणि सारा वेळ गणितास दिल्याचे सरळ सांगितले. नोकरी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डींना लिहिताना वर्षाकाठी वीस पौंडांचे कारकून अशी ओळख देऊन त्यांनी सोबत आपल्या सिद्धान्तांची पाने जोडली. माणूस एकच, वाचणारे दोन, म्हणून पत्रे दोन.

दुसरे उदाहरण या शहरातलेच. १९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, भारतीय विज्ञान संस्थेत शिकत होत्या. टेल्कोला तरुण इंजिनियर हवे होते. मात्र स्त्रियांनी अर्ज करू नये, असे जाहिरातीच्या तळाशी छापले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. खरे पाहता तो अर्ज नव्हे, तक्रार होती. टाटांनी देशात उद्योग उभे केले, आपण शिकतो ती संस्थाही त्यांच्याच पुढाकाराची. मग त्यांच्याच कंपनीत हा भेद कसा, एवढाच त्यातला आशय. थोड्याच दिवसांत पुण्यास मुलाखतीला येण्याविषयी तार आली, खर्च कंपनीचा! मुलाखतीत तांत्रिक प्रश्नांची सरबत्ती झाली, तिला त्या पुरून उरल्या आणि नोकरी मिळाली. दार कार्डाने उघडले हे खरे. आत प्रवेश मिळाला तो विद्येने.

पोस्टकार्डावर जागा ती कितीशी! विशेषणांना तेथे थारा नसतो. नेमके कोणाला काय सांगावयाचे तेवढेच मावते. आज अर्जाची पहिली चाळणी पुष्कळदा यंत्र करते, म्हणून जाहिरातीतले नेमके शब्द ध्यानी ठेवावेत हे खरेच. तथापि यंत्रामागे अखेर एक थकलेला माणूस बसलेला असतो. फायलींचे ढिगारे उपसलेल्या आमच्या वाचकांना त्याची अवस्था वेगळी सांगावयास नको. त्याला शुद्ध लिहिलेले, थोडके आणि पडताळता येण्याजोगे सत्य हवे असते. न केलेले काम लिहिणाऱ्याची फजिती पहिल्या प्रश्नालाच होते. केलेले काम न लिहिणाऱ्याला तर प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही.

आम्हां नोकरदारांचे चरित्र सेवापुस्तकात दुसऱ्यांनीच लिहिले. स्वतःविषयी चार ओळी लिहिण्याचा सराव आम्हालाही नाही. म्हणून हल्ली आम्ही मुलाचा कागद दुरुस्त करीत नाही. तो बाजूस ठेवतो आणि विचारतो, “बाबा रे, तू आजवर काय काय केलेस?” तो सांगू लागला की पेन्सिल त्याच्याच हाती देतो.