कागदावरच्या मोटारी

मनुष्याच्या छंदांचे स्थूल मानानें दोन वर्ग पाडतां येतात. पहिल्या वर्गांतील छंदांविषयीं चार माणसांत बोलतां येतें. दुसऱ्या वर्गांतील छंदांविषयीं घरांत देखील जपून बोलावें लागतें. जुनीं नाणीं, अडकित्ते किंवा दिवे जमविणारा गृहस्थ आपला संग्रह पाहुण्यांस अभिमानानें दाखवूं शकतो. आमचा छंद मात्र दुसऱ्या वर्गांतला आहे. आम्ही मोटारींचीं जुनीं माहितीपत्रकें जमवितों. मोटारी नव्हेत, त्या खपविण्यासाठीं विक्रेते जीं रंगीत पत्रकें फुकट वाटीत असत, तीं. त्यांतही नामांकित गाडीपेक्षां, जिचें नांव आतां कोणी घेत नाहीं, जी चार वर्षें निघून बंद पडली, अशा एखाद्या गाडीचें पत्रक हातीं लागलें म्हणजे आम्हांस विशेष आनंद होतो. "फुकट वाटलेल्या वस्तूसाठीं पैसे मोजणारे आपणच पहिले," असें आमचें कुटुंब म्हणतें, आणि त्यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं.

यंदा हा विषय ऐरणीवर येण्यास एक कारण घडलें. सदाशिव पेठेंतील आमचा जुना वाडा पाडून तेथें नवी इमारत उठावयाची ठरली. नव्या बिऱ्हाडांत माणसांस जागा होती, देवांस होती, लोणच्याच्या बरण्यांसही होती. परंतु पत्रकांनीं भरलेल्या दोन पत्र्याच्या ट्रंकांपैकीं एकीसच जागा मिळेल असा निकाल मिळाला. तेव्हां चाळीस वर्षांचा संचय माजघरांत पसरून आम्ही निवडानिवड करावयास बसलों. कडुलिंबाचीं वाळलेलीं पानें झटकावीं, कसर लागलेली घडी अलगद उलगडावी, गंजलेल्या टांचण्या काढाव्या, असा क्रम कित्येक दिवस चालला होता.

ज्यांनीं असें पत्रक कधीं लक्षपूर्वक पाहिलें नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. जुन्या पत्रकांत छायाचित्रें थोडीं व रंगविलेलीं चित्रें फार असत. चित्रकार गाडी थोडी लांबवी, थोडी बसकी करी, आणि आंतील माणसें इतकीं लहान काढी कीं, पांच जणांचें कुटुंब पायांवर पाय टाकून बसलें तरी जागा उरलेली दिसावी. रस्ता नेहमीं मोकळा, आकाश नेहमीं निरभ्र. ही झाली दर्शनी बाजू. आमच्यासारख्याचें लक्ष पाठीमागें असतें. तेथें विक्रेत्याचा रबरी शिक्का असतो, तळाशीं बारीक अक्षरांत छापखान्याची खूण असते, आणि दैव अनुकूल असलें तर कोणा होतकरू गिऱ्हाइकानें पेन्सिलीनें मांडलेला हिशेबही असतो. त्या हिशेबांत महिन्याचा पगार, मुलीच्या लग्नाची तजवीज आणि पेट्रोलचा खर्च हीं एकाखालीं एक लिहिलेलीं सांपडतात. दर्शनी बाजूपेक्षां ती बाजू अधिक खरी असते.

परंतु हें ज्ञान आम्हांस प्रारंभीं नव्हतें. पत्रकांत छापलें तें वेदवाक्य, अशी आमची समजूत होती, आणि ती एका वृद्ध मिस्त्रीनें दूर केली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळविल्या जात असत. त्यांपैकीं प्लिमथ सव्हॉय, डॉज किंग्जवे आणि डी सोटो डिप्लोमॅट या तिहींचीं पत्रकें आम्हांस जुन्या बाजारांत मिळालीं. प्रत्येक पत्रकाची भाषा अशी, कीं हिच्यासारखी हीच. आम्हीं वहींत तीन स्वतंत्र प्रकरणें लिहिलीं, तिघींच्या गुणांची तुलना केली, आणि तें सर्व घेऊन नाना पेठेंतील त्या मिस्त्रीकडे गेलों. त्यानें हात पुसून तिन्ही चित्रें उलटसुलट पाहिलीं व तो हंसला.

"साहेब, ह्या तिघी सख्ख्या बहिणी. नाकांतली नथ तेवढी येगळी. एकीचं दार काढून दुसरीला लावलंय मी ह्या हातांनीं."

गोष्ट खरी होती. मूळ गाडी प्लिमथचीच. निरनिराळ्या विक्रेत्यांस निरनिराळें नांव मिळावें म्हणून समोरची जाळी, नांवाची पट्टी व कांहीं किरकोळ अलंकार बदलून परदेशीं पाठविण्याच्या गाड्यांस डॉज किंवा डी सोटो म्हणण्याची त्या कंपनीची रीतच होती. आमचीं तीन प्रकरणें एका परिच्छेदांत आलीं. त्या दिवसापासून आम्हीं एक नियम केला. प्रत्येक पत्रकास एक चिठ्ठी जोडावयाची, आणि पत्रक काय म्हणतें तें न लिहितां, त्या गाडीचें पुढें खरोखर काय झालें, तेवढेंच तीवर लिहावयाचें. चिठ्ठीवांचून पत्रक ट्रंकेंत जावयाचें नाहीं.

अशा चिठ्ठ्या वाचतां वाचतां एका देशाच्या आकांक्षांचा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो. १९८५ सालीं मद्रासेस निघालेल्या स्टँडर्ड २००० या गाडीचें पत्रक आमच्या संग्रहांतील सर्वांत देखण्या पत्रकांपैकीं एक आहे. गाडीचें अंग इंग्लंडांतील रोव्हरच्या १९७६ सालच्या नामांकित गाडीचें होतें; पण आंत बसविलेलें इंजिन जुन्या व्हॅनगार्डच्या वंशांतलें. वराचा पोशाख आणि आजोबांची छाती, असा तो योग होता, आणि थोड्याच वर्षांत गाडी बंद झाली. बंगळूरची 'बादल' तीन चाकांची, फायबरच्या अंगाची, मागील बाजूस १९८ घन सेंटिमीटरचें टू-स्ट्रोक इंजिन असलेली. पुढें तिला चौथें चाक मिळालें, परंतु आयुष्य मिळालें नाहीं. तिच्याच निर्मात्यांनीं रिलायंट किटन या इंग्रजी गाडीवरून 'डॉल्फिन' काढली. ती आज रस्त्यावर दिसली तर तरुण मंडळी तिला परदेशी समजतील.

उलट एक गाडी अशी आहे कीं, तिची चिठ्ठी आमच्यापाशीं आहे, पण पत्रक नाहीं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४० नंतरच्या दशकापासून पुढें तीसएक वर्षें 'मीरा' नांवाच्या लहान मोटारीचे एकामागून एक नमुने सिद्ध केले. इंजिन मागें ठेवलेली ही गाडी कागदावरची नव्हती. ती रस्त्यावर चालली. परंतु तिचा कारखाना कांहीं उभा राहिला नाहीं. कोणाचें पत्रक आहे आणि गाडी मिळाली नाहीं. कोणाची गाडी आहे आणि पत्रक छापण्याची वेळ आली नाहीं. दोन्ही प्रकारचें दुःख एकाच काळाच्या पोटीं जन्मलें.

असें करतां करतां ट्रंकेच्या तळाशीं एक पत्रक निघालें, आणि आमचा हात थबकला. त्यास चिठ्ठी नव्हती. नियम करणाऱ्यानेंच तो एका ठिकाणीं मोडला होता.

तें पत्रक स्टँडर्ड हेरल्डच्या चार दारांच्या गाडीचें. इंग्लंडांत १९५९ सालीं ट्रायम्फ हेरल्ड निघाली, तिचें रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनीं रेखिलें. त्या काळीं लहान गाड्यांचा सांगाडा व अंग एकजीव करण्याकडे कल होता. हेरल्डच्या निर्मात्यांस तें जमेना, कारण त्यांना अंगें पुरविणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हातीं गेला होता. म्हणून खालीं स्वतंत्र सांगाडा आणि वर तुकड्यातुकड्यांनीं बोल्ट मारून बसविलेलें अंग, अशी तिची रचना झाली. तेथील ही अडचण येथें सोयीची ठरली, आणि १९६१ पासून मद्रासेस स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यांत ती तयार होऊं लागली. समोरचें झांकण पंखांसकट पुढें उलटलें कीं सारें इंजिन उघडें पडे, आणि चिंचोळ्या गल्लींतही ती सहज वळे. वैगुण्य एकच, दारें दोन. मागें बसावयाचें तर पुढची बैठक दुमडून वांकून शिरावें लागे. नऊवारी नेसलेल्या वृद्ध स्त्रीस हें कसें जमावें? १९६८ सालीं येथील कारखान्यानें हेरल्डला चार दारें दिलीं. खुद्द इंग्लंडांत तशी हेरल्ड कधींच निघाली नाहीं. पुढें १९७२ सालीं तिच्यावरूनच 'गॅझेल' ही गाडी निघाली व १९७७ सालीं तीही थांबली.

त्या पत्रकाच्या मागें, बारीक नेटक्या अक्षरांत, आमच्या वडिलांच्या हातचें एक वाक्य आहे: 'आईला मागें बसतां येईल.'

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, एका शाळेंत गणित शिकवीत. त्यांची सायकल आमच्या वयाहून जुनी होती. आजीचे गुडघे दुखत, आणि पंढरपूर व आळंदी एकदां तरी आपल्या वाहनांतून घडवावी, ही त्यांची मनीषा होती. त्यांनीं शिल्लक मोडून अनामत भरली व गाडीसाठीं नांव नोंदविलें. त्या काळीं मोटार विकत घेतां येत नसे, तिची वाट पाहावी लागे. नंबर लागला तो १९७१ सालीं. त्याच महिन्यांत आजी न्हाणीघरांत पडली व तिचें कमरेचें हाड मोडलें. गाडीसाठीं जुळविलेला पैसा शस्त्रक्रियेस लागला.

एके संध्याकाळीं एक अनोळखी गृहस्थ येऊन आमच्या झोंपाळ्यावर बसले. "गुरुजी, नुसती सही करा. गाडी तुमच्या नांवावर निघूं द्या, पुढचें आम्ही पाहतों." त्यांनीं सांगितलेली रक्कम अण्णांच्या सहा महिन्यांच्या पगाराहून अधिक होती, आणि घरांत औषधाचीं बिलें पडलेलीं होतीं. अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "जी गाडी मी घेत नाहीं, ती मी विकूं कशी?" पाहुण्यांस चहा देऊन त्यांनीं दारापर्यंत पोंचविलें, आणि दुसऱ्या दिवशीं जाऊन नांव रद्द केलें.

आम्ही तेव्हां चौदा वर्षांचे होतों. अण्णांचा आम्हांस अभिमान वाटला असें लिहिणें सोपें आहे. पण खरें पाहतां राग आला. वर्गांत गाडीची वार्ता आम्हीं आधींच पसरविली होती. म्हणून आम्हीं सांगितलें कीं गाडी आली, निळी आहे, गांवीं काकांकडे ठेवली आहे. ती थाप पुढें वाढत गेली. संग्रह झाल्यावर पाहुण्यांस हें पत्रक दाखवितांना 'ही आमच्या घरची गाडी' असें आम्ही मोघम म्हणत असूं, आणि ऐकणारा समजावयाचें तें समजे. चिठ्ठी लिहिली असती तर मोघम राहतां आलें नसतें.

निवडानिवडीच्या वेळीं आमची नऊ वर्षांची नात शेजारीं बसली होती. शाळेसाठीं ती घराण्याची माहिती लिहीत होती. वहींत तिनें लिहिलें होतें, 'माझ्या पणजोबांची निळी हेरल्ड होती.' तिनें मान वर करून विचारलें, "आजोबा, तिचा नंबर काय होता?"

लोकांच्या गाड्यांचे इंजिन-क्रमांक तोंडपाठ सांगणारे आम्ही, निरुत्तर झालों. मिस्त्रीचें हंसणें आठवलें. तिघी बहिणींस तीन परक्या समजणें ही आमची केवळ चूक होती. ही चूक नव्हती. आपण वडिलांना एक मोटार देऊं केली, आणि तिच्या मोबदल्यांत त्यांच्यापाशीं जें खरोखर होतें तें काढून घेतलें, हें त्या एका प्रश्नानें आम्हांस दाखविलें.

आम्हीं पेन्सिल घेतली व तिच्यासमोरच चिठ्ठी लिहिली: 'ही गाडी आमच्या घरीं कधींच आली नाहीं. १९७१ सालीं नंबर लागला असतां अण्णांनीं नांव रद्द केलें. नंबर विकला नाहीं.' नातीनें ती दोनदां वाचली, वहींतलें आपलें वाक्य खोडलें, आणि विचारलें, "पण पणजोबांनीं सही कां नाहीं केली?"

दुसरी ट्रंक आम्हीं या विषयाची गोडी असलेल्या एका तरुण मित्रास दिली, चिठ्ठ्यांसकट. पहिली नव्या बिऱ्हाडांत आमच्याबरोबर आली असून तें हेरल्डचें पत्रक तिच्यांत सर्वांत वर आहे. नातीच्या प्रश्नाचें उत्तर मात्र त्या चिठ्ठींत मावेना, म्हणून येथें लिहिलें.